मोगरा पाणी-खत घेतो, पण फुलत नाही: तपासायला कुठून सुरुवात करायची

चैत्र लागला की संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून वास येतो आणि आपल्या कुंडीत मात्र नुसती पानं. लातुरात आमच्या गल्लीत, नात्यात, भिशीच्या मैत्रिणींकडे ही एकच तक्रार घेऊन गेली बारा-तेरा वर्षं मी मोगऱ्यांपुढे बसते आहे. बहुतेक वेळा झाडाला काही कमी पडलेलं नसतं, चुकीच्या वेळी जास्त झालेलं असतं. म्हणून दुकानात जाऊन खताची पिशवी आणण्याआधी खालचं वाचा. बिनपैशाचं आधी लिहिलं आहे, मेहनतीचं आणि खर्चाचं नंतर.

लक्षणं

झाडाजवळ बसून आधी बघा की तुमचा मोगरा यातलं नेमकं काय दाखवतोय:

- पानं गर्द हिरवी, फांद्या वेलासारख्या लांब सुटलेल्या, कळी एकही नाही.
- शेंड्याची नवी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या. जास्त झालं तर पान पांढरट पडून कडेने करपतं.
- खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होऊन गळतात, शेंडा ठीक दिसतो.
- कळ्या लागतात, पण उमलायच्या आधीच जांभळट पडून गळतात किंवा त्यांना बारीक भोक दिसतं.
- पानांवर धूळ बसल्यासारखे फिकट ठिपके, पानामागे बारीक जाळी.
- माती ओली आहे तरी झाड मान टाकून उभं आहे.

कोणतं पान पिवळं आहे, नवं की जुनं, हे लिहून ठेवा. पुढचा निम्मा निकाल त्यावरच लागतो. आणखी एक, उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळट होऊन गळतं, ते नैसर्गिक आहे. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि त्याचं आयुष्य तेवढंच असतं. काळजी करायची ती न उमललेली कळी जांभळी पडली तर.

हा मोगराच आहे ना?

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो, पण दर वर्षी एक-दोन घरी उत्तर इथेच सापडतं. मोगरा म्हणून आणलेलं रोप कुंदाचं निघतं. कुंद थंडीत फुलतो, त्याच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर बारीक लव असते, फूल चांदणीसारखं पसरट असतं. मोगऱ्याचं पान त्यापेक्षा जाड, चकचकीत आणि गुळगुळीत असतं. पानं समोरासमोर जोडीने येतात, काही जातींत तिघं एका पेऱ्यावर. जाई-जुईचा बहर पावसाळ्यातला. तुमचं झाड पौषात फुलून चैत्रात गप्प बसत असेल तर ते आजारी नाही, ते त्याच्या वेळेला फुलून गेलं आहे.

मोगऱ्यातसुद्धा फरक आहे. एकेरी पाकळ्यांचा मोगरा भराभर आणि भरपूर फुलतो. गच्च पाकळ्यांचा, छोट्या गुलाबासारखा दिसणारा बटमोगरा सावकाश वाढतो आणि मोजकी फुलं देतो. त्याच्याकडून परडीभर फुलांची अपेक्षा धरू नका.

ऊन मोजा, अंदाज करू नका

सकाळी आठ, अकरा, दोन आणि चार अशा चार वेळा झाडावर ऊन आहे का ते बघा. मोगऱ्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. कमी उन्हात झाड जगतं, हिरवंही राहतं, पण उजेड शोधत लांब फांद्या टाकण्यात त्याची सगळी ताकद जाते. पहिलं लक्षण वाचलंत ना, ते बऱ्याचदा याचंच असतं.

मागच्या तीन वर्षांत काय बदललं ते आठवा. शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला का, अंगणातला कडुलिंब पसरला का, आणि मागच्या मे महिन्यात बांधलेली हिरवी जाळी तशीच आहे का? जाळीचा फटका मी फार बघितलाय. बेचाळीस अंशांत ती लावणं ठीक, पण पाऊस सुरू झाला की सोडून ठेवायची. वर्षभर तशीच राहिली तर वसंतात कळी येत नाही. जागा बदलल्यावर दीड-दोन महिने वाट बघा, मगच पुढे जा.

पाणी: किती यापेक्षा कधी

"काकू, पाणी तर मी रोज घालते," हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं.

आधी कुंडीचं खालचं भोक बघा. कुंडी आडवी करून तारेने किंवा छत्रीच्या काडीने ते मोकळं करा. त्यानंतर काडी दोन-तीन इंच मातीत खुपसून बाहेर काढा. तिला ओली माती चिकटली तर आज पाणी नको. आपल्या काळ्या मातीचा एक स्वभाव इथे लक्षात घ्या. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते. शेतात त्यामुळे भेगा पडतात आणि कुंडीत मातीचा गोळा कडेपासून सुटतो. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि मधली मुळं कोरडीच. अशा कुंडीची वरची माती खुरप्याने मोडून फट बुजवायची आणि एक तांब्या पाणी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा द्यायचं.

आता मुख्य गोष्ट. मोगऱ्याला थंडीत विश्रांती हवी असते. फुलशेती करणारे शेतकरी थंडीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, ते उगाच नाही. ताणात वाढ थांबते, फांदी पक्की होते, आणि नंतर पाणी मिळालं की सगळे डोळे एकदम फुटतात. घरी आपण नेमकं उलटं करतो. डिसेंबरातही रोज तांब्याभर पाणी, त्यामुळे झाड वर्षभर थोडं थोडं वाढत राहतं आणि बहर असा धरतच नाही. जमिनीतल्या झाडाला मार्गशीर्ष-पौषात तीन-चार आठवडे पाणी देऊ नका. कुंडीतल्याला आठ-दहा दिवसांनी, पानं सुरकुतायला लागली की, थोडंच द्या. काही पानं गळतील. गळू द्या.

मला हे शिकवलं २०१६ च्या उन्हाळ्याने. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. पिण्यापुरतं पाणी जपायचं म्हटल्यावर झाडांना काय देणार? आठवड्यात एक मग, तोही भाजी धुतलेला. माझे दोन मोगरे जवळपास बिनपानाचे झाले. मी रोज नखाने साल खरवडून बघायची, आत हिरवा पापुद्रा दिसला की जीव भांड्यात पडायचा. जूनमध्ये पाऊस पडला आणि महिन्याभरात त्या काड्यांना जेवढ्या कळ्या लागल्या, तेवढ्या आधीच्या चार वर्षांत मिळून लागल्या नव्हत्या.

कात्री लावा

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, जुन्या लाकडावर येत नाही. हे एवढं कळलं की छाटणीची भीती जाते. न छाटलेल्या झाडात जुन्या, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या काड्याच जास्त असतात. त्यांना पानं येतात, फुलं येत नाहीत.

ताण दिल्यानंतर संक्रांतीच्या आसपास छाटा. कुंडीतलं झाड निम्म्यापर्यंत खाली आणा. जमिनीतलं जुनं, दणकट झाड गुडघ्याएवढं ठेवलं तरी चालतं. वाळलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या आणि पेन्सिलीच्या शिसाइतक्या बारीक काड्या मुळाशी काढा. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा. भाजीच्या कात्रीने काडी चेंगरते आणि तिथून वाळत खाली येते. पानांच्या जोडीच्या जरा वर काप घ्या. त्यानंतर माती मोकळी करून तीन-चार दिवस ऊन खाऊ द्या, मग शेणखत आणि भरपूर पाणी. संक्रांतीला छाटलेला मोगरा माझ्याकडे होळीच्या सुमारास कळी दाखवतो.

हे मार्चमध्ये वाचत असाल तर मोठी छाटणी आता करू नका, कडक उन्हात कोवळा फुटवा करपतो. फक्त शेंडे दोन-दोन पानांनी खुडा. फुलांचा एक बहर संपला की प्रत्येक वेळी असं खुडलं तर पुढचा बहर येतो.

खत: आधी थांबवा, मग घाला

युरियाने झाड पंधरा दिवसांत तजेलदार दिसतं आणि कळी धरायची विसरतं. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पाला वाढतो. त्यामुळे झाड हिरवंगार असेल तर खत बंद, एवढाच उपाय. फक्त खालची जुनी पानं फिकट पडून गळत असतील आणि शेंडाही मंदावला असेल, तर झाड उपाशी असू शकतं. मग बारा इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते.

चुलीची राख आणि अंड्याची टरफलं मोगऱ्याला घालू नका. दोन्ही गोष्टी मातीचा सामू (पीएच) वाढवतात, म्हणजे तिचा आंबटपणा कमी करतात. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत त्याचा उपयोग होत असेल, पण मराठवाड्याच्या मातीत चुना आधीच मुबलक आहे.

कळी फोडून बघा

जांभळट पडलेली एक कळी नखाने उभी चिरा. आत बारीक हिरवट अळी आणि काळसर विष्ठा दिसली तर ती कळी पोखरणारी अळी. अळी डोळ्यांना धड दिसत नाही, पण कळी बुडाशी सुजलेली आणि जांभळी आहे, तर कळीत अंडी घालणाऱ्या बारीक माशीचं काम असतं. दोन्हींचा घरगुती इलाज सारखाच. लागलेल्या कळ्या रोज खुडून साबणाच्या पाण्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. झाडाखालचा पाचोळा उचला आणि वरची इंचभर माती खुरप्याने हलवत राहा, कारण या किडी पुढच्या अवस्थेत मातीत आणि पाचोळ्यात लपतात. नुसतं झाडावर फवारून त्या संपत नाहीत.

ठिपके आणि जाळीसाठी पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या हवेत तो झपाट्याने वाढतो. पाच-सहा दिवस रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. पुरलं नाही तर संध्याकाळी लिटरला ५ मिली नीम तेल आणि थोडा पातळ साबण. भर दुपारी तेल फवारलं तर पानं भाजतात.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: इथे आपल्या भागाचं खरं दुखणं आहे

हे लक्षण लोहाच्या कमतरतेचं. झाडाला लोह जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही, म्हणून आधी नवं पान पिवळं पडतं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, तेव्हा जुनं पान पिवळं पडतं. म्हणूनच सुरुवातीला नवं की जुनं लिहून ठेवायला सांगितलं.

गंमत अशी की आपल्या मातीत लोह भरपूर असतं, मुळांना ते मिळत नाही. चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू असलेल्या मातीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. बोअरच्या जड पाण्यातून रोज आणखी क्षार येतात. तपासायला पैसे लागत नाहीत. कोरड्या मातीचा एक चमचा बशीत घ्या, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका आणि कान जवळ न्या. फसफसलं तर चुनखडी आहे. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसतोय का, बादलीच्या कडेला कवच धरतंय का, तेही बघा.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या सगळ्या कुंड्यांपैकी फक्त दाराजवळच्या दोन पिवळ्या होत्या. माती तीच, ऊन तेच. दोन दिवस जाऊन बसले तेव्हा दिसलं, कूलर धुतला की टाकीतलं उरलेलं पाणी त्या दोन कुंड्यांत जायचं. पाणी वाया जाऊ नये ही त्यांची भावना अगदी खरी. पण कूलरमधलं पाणी उडून जातं तेव्हा क्षार मागे राहतात, आणि आठवड्याने टाकीच्या तळाशी उरतं ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणीही तसंच. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असतं, ते खुशाल घाला. पावसाचं पाणी दोन पिंपं साठवता आलं तर त्याहून चांगलं औषध नाही.

जमिनीतलं झाड कंपाउंडच्या भिंतीला लागून असेल तर हातभर उकरून बघा. घर बांधताना पुरलेला सिमेंट-चुन्याचा राडारोडा तिथे हमखास सापडतो.

उपाय दोन टप्प्यांत. तातडीचा म्हणजे पानांवर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी: एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अॅसिड), मग ५ ग्रॅम हिराकस, ऊन उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पहिल्यांदा चार पानांवर मारून दोन दिवस बघा. हिराकस फिकट हिरवी, खड्यासारखी हवी. पुडीतली तपकिरी, गंजल्यासारखी झाली असेल तर ती कामाची नाही. द्रावण त्याच दिवशी संपवा आणि फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाही. मातीत घालायचं तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) घ्या, पण लेबलवर ईडीडीएचए लिहिलेलं असेल तरच. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या चुनखडीत टिकत नाही, पैसे मातीत जातात. ईडीडीएचएचं द्रावण गडद लाल होतं, त्यावरूनही ओळखू येतं.

शेवटचं घरचं काम: कुंडी रिकामी करणं

कायमचा उपाय म्हणजे माती बदलणं. हे मेहनतीचं आहे, म्हणून शेवटी. छाटणीनंतर लगेच, माघात करा. उन्हाळ्यात नको.

आदल्या दिवशी पाणी देऊ नका. कुंडी आडवी करून कडेने थापटा आणि झाड बुडाशी धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर असतं, वाकवलं तर तुटत नाही. मागच्या वर्षी मी माझ्या मामेबहिणीचा मोगरा असा काढला तेव्हा मुळं कुंडीच्या आकाराची जाळी होऊन गोल फिरली होती, तळाची काळी पडली होती, आणि बोटांनी ओढली की साल मोज्यासारखी निघून हातात यायची. वास गटारीचा. तरी वरचा अर्धा भाग चांगला होता. काळं सगळं कापलं, गोल फिरलेली मुळं तीन ठिकाणी उभी चिरली आणि नव्या मातीत बसवला. तो जगला.

नवी माती: दोन भाग पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा काळसर मुरूम. पांढऱ्या खड्यांचा मुरूम नको, ती चुनखडी आहे. निव्वळ काळी माती तर नकोच. कुंडी बारा ते चौदा इंची पुरते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

माती ओली असताना झाड कोमेजतंय आणि बुंध्याशी पांढरी बुरशीची जाळी, त्यात मोहरीसारखे दाणे दिसताहेत, तर झाडाला हात लावू नका. ती बुरशी मातीतून शेजारच्या झाडांकडे जाते. कुंडी बाजूला काढा, तिचं पाणी वाहून दुसरीकडे जाऊ देऊ नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमी) असू शकतात, तिथेही अंदाजाने औषध ओतू नका. हिराकशीच्या दोन फवारण्यांनंतर निघालेली नवी पानंही पिवळीच असतील, तर घरच्या उपायांची हद्द संपली. आणि एखाद्या किडीसाठी कोणी विषारी कीटकनाशक सुचवत असेल तर आधी कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारा. ही फुलं देवाला वाहतो, केसात माळतो, लहान मुलं नाकाला लावतात.

मराठवाड्यात विचारायला जागा आहेत. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि जालन्याजवळ खरपुडी, अंबाजोगाईजवळ दिघोळअंबा, नांदेड जिल्ह्यात सगरोळी, हिंगोलीत तोंडापूर अशी कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सावलीत वाळवलेली अर्धा किलो माती, स्वच्छ बाटलीत लिटरभर तेच पाणी जे तुम्ही झाडाला घालता, आणि पिवळी व हिरवी अशी दोन्ही पानं असलेली एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून न्या. मातीचा सामू, क्षारता आणि मुक्त चुना, पाण्याची क्षारता, एवढं तपासून मागा. खत आधीच घातलं असेल तर नमुना महिनाभराने घ्या, नाहीतर आकडे खताचे येतील.

तपासणीचा निकाल येईपर्यंत एक काम करून ठेवा. झाड जुनं असेल, सासूबाईंनी किंवा आईने लावलेलं असेल, तर त्याच्या एका निरोगी खालच्या फांदीला पेऱ्यापाशी हलकी खाच द्या, ती शेजारच्या कुंडीतल्या चांगल्या मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. माती ओलसर राहिली तर दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात. पावसाळ्याच्या तोंडाशी दाब सगळ्यात लवकर लागतो. मूळ झाडाचं पुढे काय व्हायचं ते होवो, त्याच वाणाचं रोप तुमच्या हातात असेल.